छप्पर बदलले, चूल तीच राहिली : पांढुर्णा-सौंसरच्या घरांतील हवा आणि गारवा

सातपुड्याच्या दक्षिण अंगाला, नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पांढुर्णा हे गाव आहे. त्याच्या पूर्वेस, नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर सौंसर लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हा मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. घरातली व बाजारातली भाषा मात्र मराठीच राहिली. २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर ही दोन तहसिले वेगळी काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे पांढुर्ण्याचे नाव दूरवर पोहोचले असले, तरी या भागाचे रोजचे जीवन कापूस, तूर आणि संत्र्याच्या बागांभोवती फिरते.

गेल्या दोन-तीन दशकांत येथील घरांत मोठा बदल झाला. मातीच्या भिंती व कवेलूचे छप्पर जाऊन त्यांच्या जागी विटा-सिमेंटच्या भिंती आणि स्लॅब किंवा टिनाचे पत्रे आले. घर पक्के झाले, पावसाळ्याची काळजी मिटली. परंतु घरातली चूल, उन्हाळ्यात दारे-खिडक्या लावून घेण्याची रीत आणि घरातच माल साठवण्याची सवय जुन्या घरातून नव्या घरात तशीच आली. जुने छप्पर धूर व उष्णता आपोआप बाहेर टाकीत असे. नवे छप्पर दोन्ही आत कोंडून ठेवते. पक्क्या घरातील हवेचे व गारव्याचे बहुतेक प्रश्न येथून सुरू होतात. नळ्यांच्या किंवा मंगळुरी कौलांच्या घरातून काँक्रीटच्या घरात आलेल्या गोमंतकीय कुटुंबांनाही हा अनुभव नवा नाही.

कवेलूचे घर कोणते काम करीत असे

कवेलू म्हणजे कुंभाराने भाजलेली अर्धगोल देशी कौले. ती एकमेकांवर उलटसुलट मांडली जातात. त्यांच्यामध्ये राहिलेल्या असंख्य फटींतून तापलेली हवा वर जाऊन बाहेर पडते आणि तिच्याबरोबर चुलीचा धूरही निघून जातो. कवेलूच्या थरात हवा अडकलेली असल्याने उन्हाची धग खाली कमी पोहोचते. रात्र झाली की हे छप्पर लवकर निवते. दीड-दोन फूट जाडीची मातीची भिंत दुपारचे ऊन आत पोहोचू देण्यास अनेक तास लावते. समोरची ओसरी भिंतीवर थेट ऊन पडू देत नाही. पांढुर्ण्याच्या दक्षिणेस असलेल्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्राम आश्रमात १९३६ नंतर उभ्या राहिलेल्या कुटी याच पद्धतीच्या आहेत. माती, बांबू, देशी कौले आणि ओसरी एवढ्या साधनांवर वैदर्भी उन्हाळा सोसता येतो, हे त्या आजही दाखवतात.

या घरांचे दोषही लहान नव्हते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारणी करावी लागे, माकडांनी कवेलू फोडले की घर गळे, विंचू-सापांचे भय असे. लोकांनी पक्के घर निवडले, यात काहीच चुकीचे नाही. मात्र कवेलूच्या फटी जे काम विनासायास करीत, ते काम पक्क्या घरात जाणीवपूर्वक योजावे लागते.

चुलीच्या धुरात काय असते

पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या आणि सरपण ही या भागातील चुलीची पारंपरिक जळणे आहेत. कापसाचा हंगाम संपला की शेतातील पऱ्हाट्यांचे ढीग घराशेजारी रचले जातात आणि पुढे कित्येक महिने पुरतात. ही जळणे जवळजवळ फुकट मिळतात. पण ती पूर्णपणे जळत नाहीत. अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आणि अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान असलेल्या या कणांना पीएम २.५ म्हणतात. ते इतके बारीक असतात, की नाक व घसा त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसांच्या खोल भागात पोहोचतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक मर्यादेनुसार पीएम २.५ चे चोवीस तासांचे सरासरी प्रमाण दर घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. भारताचे बाहेरच्या हवेसाठीचे २००९ चे राष्ट्रीय मानक ६० मायक्रोग्रॅम आहे. धूर कोंडणाऱ्या स्वयंपाकघरात चूल पेटलेली असताना हे प्रमाण शेकड्यांत, कधी हजारांत जाते. घरातील अशा प्रदूषणामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाल्याचा याच संघटनेचा अंदाज आहे. त्यांत पाच वर्षांखालील २ लाख ३७ हजारांहून अधिक बालके होती. बालकांचा न्यूमोनिया, श्वसनमार्गाचा दीर्घकालीन अवरोध म्हणजेच सीओपीडी, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग आणि मोतीबिंदू यांच्याशी या धुराचा संबंध आहे. कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्या ग्रामीण स्त्रीला धूम्रपान करणाऱ्यासारखा दम लागतो, त्यामागे बहुधा चूल असते.

धूर मुळातच थांबवणे

घरातील हवा सुधारण्याचा पहिला नियम असा, की दोष जेथे उत्पन्न होतो तेथेच तो थांबवावा. निर्माण झालेला धूर नंतर गाळून काढणे हे महागडे आणि अपुरे काम असते.

१ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे गॅसजोडणी गावोगाव पोहोचली. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे देशात ५८.६ टक्के, तर ग्रामीण भागात ४३.२ टक्केच आढळली. सिलिंडर घरात असूनही चूल पेटतच राहते, ही अनेक घरांतील स्थिती आहे. चहा-भाजी गॅसवर होते. भाकरी, आंघोळीचे पाणी आणि गुरांचे आंबोण चुलीवर होते. अशा घरांसाठी व्यवहार्य वाट अशी, की माणसांचा रोजचा स्वयंपाक गॅसवर आणावा आणि पाणी तापवण्याची चूल घराबाहेर, आवारातील मोकळ्या छपरीखाली न्यावी. त्यामुळे जळणाचा उपयोग थांबत नाही, पण धूर घरात शिरत नाही. वर्षातील बहुतेक दिवस स्वच्छ ऊन मिळणाऱ्या या भागात सौर बंबही आंघोळीच्या पाण्याची गरज भागवू शकतो.

ज्यांच्याकडे गुरे आहेत, त्यांना गोबरगॅस हा दुसरा पर्याय आहे. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तितकेच पाणी लागते. तेवढे शेण चार-पाच जनावरांपासून मिळते आणि मध्यम कुटुंबाचा स्वयंपाक त्यावर भागतो. उरलेली रबडी शेताला खत म्हणून जाते. मात्र उन्हाळ्यात जेथे पाण्याची टंचाई असते, तेथे संयंत्र बंद पडण्याचा धोका आधीच लक्षात घ्यावा.

चूल सोडणे शक्यच नसेल, तर धुराडे असलेली सुधारित चूल बसवावी. या कल्पनेचा वारसा विदर्भातच आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कामातून जी बिनधुराची चूल पुढे आली, ती मगन चूल म्हणून ओळखली गेली. पुढे १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला व तो सुमारे दोन दशके चालला. त्यातून मिळालेला धडा आजही उपयोगी आहे. चूल बसवली गेली, पण धुराडे काजळीने भरले, नळी तडकली, दुरुस्तीला कोणी मिळाले नाही आणि चूल पुन्हा धुरू लागली. म्हणून धुराड्याची नळी छपराच्या सर्वांत उंच भागापेक्षा निदान दोन फूट वर न्यावी, तिच्या तोंडावर पावसाची टोपी बसवावी आणि महिन्यातून एकदा काजळी काढावी. ओले जळण वापरू नये. पऱ्हाट्या पावसात न भिजतील अशा ठिकाणी रचाव्यात.

स्वयंपाकघरातील वाऱ्याची वाट

गरम हवा वर जाते आणि तिची जागा खालून येणारी थंड हवा घेते. म्हणून स्वयंपाकघराला दोन वाटा हव्यात : ताजी हवा येण्यासाठी खाली एक आणि धूर-वाफ जाण्यासाठी छताजवळ दुसरी. छताजवळच्या भिंतीत समोरासमोर दोन जाळीदार झरोके ठेवले, तरी कवेलूच्या फटींचे बरेचसे काम होते. घर बांधतानाच ते ठेवल्यास खर्च नगण्य असतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरांसाठी २५ चौरस मीटर हे किमान क्षेत्रफळ आहे आणि त्यात स्वयंपाकासाठी स्वच्छ जागा धरलेली आहे. नकाशा आखतानाच त्या जागेचे झरोके निश्चित करावेत.

धूर बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा शेगडीच्या शक्य तितका जवळ आणि उंचावर लावावा. तो चालू असताना समोरच्या बाजूने हवा आत येण्यास जागा हवी. सर्व दारे-खिडक्या लावून पंखा चालवला, तर तो नुसता आवाज करतो. बाजारात मिळणारी विजेची किचन चिमणी घेताना तिची नळी घराबाहेर जाते की नाही, हे पाहावे. नळी नसलेली चिमणी तेलकटपणा पकडते; वायू पुन्हा घरातच सोडते.

गॅसशेगडीची ज्योत निळी असावी. पिवळी, काजळी धरणारी ज्योत म्हणजे बर्नर साफ करण्याची वेळ आली, असे समजावे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. त्यामुळे वरच्या खिडकीखेरीज जमिनीजवळही हवेला वाट असावी. वास येताच विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये, रेग्युलेटर बंद करून दारे उघडावीत आणि बाहेर येऊन १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.

धुराखेरीज घरात काय साठते

कापूसपट्ट्यात घरातील हवेचा आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे घरातच साठवलेला कापूस. भाव वाढण्याची वाट पाहत कापसाचा ढीग राहत्या खोलीत महिनोन्‌महिने पडून राहतो. त्यातील तंतू, धूळ आणि सूक्ष्म कीटक यांमुळे अंगाला खाज सुटते, पुरळ उठते, शिंका व खोकला लागतो. कापूस साठवायचाच असेल, तर झोपण्याच्या खोलीपासून वेगळी, कोरडी व स्वतंत्र दार असलेली खोली ठेवावी. ढीग ताडपत्रीने झाकावा आणि लहान मुलांना त्यावर खेळू देऊ नये.

कीटकनाशकांचे डबे घरात ठेवणे त्याहून घातक. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, ही घटना सर्वज्ञात आहे. ही औषधे शेतात फवारताना जितकी धोक्याची, तितकीच बंद खोलीत गळत राहिल्यास धोक्याची असतात. त्यांची जागा घराबाहेरच्या कुलूपबंद पेटीत असावी. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत.

डासांची कॉइल हा धुराचाच प्रकार आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, चीन व मलेशियात मिळणारी एक कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असे आढळले होते. दारे लावून रात्रभर कॉइल जाळण्यापेक्षा खिडक्यांना जाळी आणि अंथरुणाला मच्छरदाणी हा उपाय सुरक्षित ठरतो. उदबत्ती, धूप आणि कापूर यांचाही धूर होतो; देवघराची खिडकी त्या वेळी उघडी ठेवणे एवढीच साधी दक्षता पुरेशी असते.

हिवाळ्यात सातपुड्याच्या उतारावर गारठा चांगलाच जाणवतो. अशा रात्री निखाऱ्यांची शेगडी खोलीत ठेवून दार लावून झोपणे प्राणघातक ठरू शकते. निखाऱ्यांतून धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला रंग वा वास नसतो. प्राणवायूपेक्षा तो रक्तातील हिमोग्लोबिनला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बिलगतो. डोके दुखणे, मळमळ आणि गुंगी ही त्याची लक्षणे झोपलेल्या माणसाला जाणवत नाहीत. झोपण्यापूर्वी शेगडी घराबाहेर काढणे हा येथे एकच नियम आहे. न्हाणीघरातील गॅस गिझर व घरात चालवलेला जनरेटर यांनाही तो तितकाच लागू पडतो.

छत : उष्णतेचे मुख्य दार

एकमजली घरात उन्हाळ्याची सर्वाधिक उष्णता छतातून आत येते. चार-पाच इंचांचा काँक्रीट स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि सूर्यास्तानंतर तीच उष्णता खोलीत सोडतो. म्हणूनच मे महिन्यात बाहेर वारा गार झाला, तरी घरात झोप लागत नाही. टिनाचे पत्रे रात्री लवकर निवतात, पण दुपारी खोलीची भट्टी करतात.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे छताला पांढरा चुना. स्वच्छ धुतलेल्या स्लॅबवर चिकटद्रव्य मिसळलेल्या चुन्याचे दोन-तीन हात मार्चअखेर दिले, तर स्लॅबने शोषलेली उष्णता बरीच घटते आणि खोलीच्या तापमानात काही अंशांचा फरक जाणवतो. पावसाने चुना धुऊन जातो, म्हणून तो दरवर्षी द्यावा लागतो. अधिक खर्च शक्य असल्यास उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग किंवा पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर अनेक वर्षे टिकतो. छतावर धूळ साचली की परिणाम घटतो. अधूनमधून झाडणे हा देखभालीचाच भाग आहे. तेलंगणाने २०२३ मध्ये अशा थंड छतांसाठी स्वतंत्र धोरण आखले, यावरून या साध्या उपायाचे महत्त्व ध्यानी यावे.

दुसरा उपाय सावलीचा. छतापासून तीन-चार फूट वर हिरवी जाळी किंवा बांबूचा मांडव उभारल्यास ऊन स्लॅबपर्यंत पोहोचत नाही आणि मधून वारा वाहतो. पत्र्याच्या घरात आतून बांबूच्या तट्ट्यांचे किंवा तत्सम छत लावावे. पत्रा आणि छत यांमध्ये निदान सहा इंच पोकळी सोडून तिच्या दोन्ही टोकांना हवा जाण्यास वाट ठेवावी. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारनंतरचे तिरपे ऊन पडते. त्या बाजूला झाड, वेलीचा मांडव किंवा ओसरी असावी. खिडकीच्या आतला पडदा काचेतून आत आलेले ऊन थोपवू शकत नाही, बाहेरची ताटी थोपवते.

खिडकी केव्हा उघडावी

या भागात मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, पण कोरड्या हवेमुळे पहाटेपर्यंत तो बराच उतरतो. दिवस-रात्रीच्या या फरकाचा लाभ घेता येतो. संध्याकाळी बाहेरची हवा घरापेक्षा गार झाली की सर्व खिडक्या उघडाव्यात, भिंती रात्रभर निवू द्याव्यात आणि सकाळी ऊन तापण्यापूर्वी खिडक्या लावून घ्याव्यात. मात्र दिवसा घर बंद असताना आत चूल किंवा कॉइल पेटलेली असेल, तर गारव्यासाठी केलेली तीच योजना धूर कोंडण्याचे साधन बनते. म्हणून उन्हाळ्यात स्वयंपाक सकाळी खिडक्या उघड्या असतानाच उरकण्याची जुनी रीत शहाणपणाची होती.

खिडक्या किती असाव्यात, याचे एक परिमाण उपलब्ध आहे. ऊर्जा दक्षता ब्यूरोने १४ डिसेंबर २०१८ रोजी जाहीर केलेली इको-निवास संहिता मोठ्या निवासी इमारतींसाठी आहे, पण तिचे प्रमाण छोट्या घरालाही मार्गदर्शक ठरते. नागपूरसारख्या मिश्र हवामानात उघडता येणारे क्षेत्र चटईक्षेत्राच्या निदान १२.५ टक्के असावे, असे ती सांगते. म्हणजे १० बाय १२ फुटांच्या खोलीला १५ चौरस फूट. गोव्यासारख्या उष्ण-दमट हवामानासाठी हे प्रमाण १६.६६ टक्के, म्हणजे त्याच खोलीला २० चौरस फूट आहे. सरकती खिडकी निम्मीच उघडते, हे मोजताना विसरू नये. दोन खिडक्या समोरासमोरच्या किंवा लगतच्या भिंतींत असतील, तरच वारा खोलीतून आरपार जातो.

कूलर : विदर्भाचे यंत्र

नागपूर, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यात उन्हाळा म्हणजे कूलर. वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ओल्या ताट्यांतून कोरडी गरम हवा ओढली की पाण्याची वाफ होते आणि हवा थंड होते. हवा ४३ अंश तापमानाची आणि तिची आर्द्रता १५ टक्के असेल, तर चांगला कूलर तिला सुमारे २७-२८ अंशांपर्यंत आणू शकतो. याउलट ३० अंश तापमान व ८५ टक्के आर्द्रता असलेल्या पावसाळी हवेत तोच कूलर जेमतेम दीड-दोन अंशांचा फरक करतो आणि खोली आणखी दमट करतो. गोव्यात कूलर का रुजला नाही आणि विदर्भात पाऊस पडताच तो का बंद करावा, याचे उत्तर येथे मिळते.

कूलर खोलीत ताजी हवा आणतो, हा त्याचा मोठा गुण आहे. पण त्यासाठी समोरची खिडकी उघडी हवी. तो खोलीच्या आत ठेवून दारे लावली, तर हवा दमट होत जाते आणि गारवा संपतो. कूलरची मागची बाजू घराबाहेर असावी आणि ती चुलीच्या किंवा गोठ्याच्या दिशेला नसावी. अन्यथा तो धूर व दुर्गंधीच आत ओढून आणतो.

कूलरच्या टाकीतील स्वच्छ, साचलेले पाणी हे डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाचे आवडते ठिकाण असते. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून तिच्या कडा घासाव्यात. अंडी कडांना चिकटून कोरड्यातही अनेक महिने टिकतात, त्यामुळे नुसते पाणी बदलणे पुरत नाही. टाकी भरताना कूलरचा प्लग काढलेला असावा. लोखंडी कूलरला अर्थिंग आणि घराच्या मंडळात ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच असल्यास विजेच्या धक्क्याने होणारे मृत्यू टळतात.

एसी, हवाशोधक आणि कुंड्या

घरगुती स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुन्हापुन्हा थंड करतो. बाहेरची ताजी हवा तो आत आणत नाही. चार माणसे रात्रभर बंद खोलीत झोपली की कार्बन डायऑक्साइड साचतो व सकाळी डोके जड वाटते. झोपण्यापूर्वी खोली मोकळी करणे, दाराखाली थोडी फट ठेवणे आणि जाळी दर पंधरा दिवसांनी धुणे, एवढे पुरेसे असते. १ जानेवारी २०२० पासून नव्या एसींचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवलेले असते. तेच तापमान आणि सोबत छताचा पंखा, ही जोडी विजेच्या दृष्टीने किफायतशीर ठरते. जुना पंखा ७०-७५ वॅट घेतो, तर नवा बीएलडीसी पंखा तेवढाच वारा सुमारे ३० वॅटमध्ये देतो.

हवाशोधक यंत्रातील हेपा गाळणी सूक्ष्म कण उत्तम पकडते. परंतु ती कार्बन मोनॉक्साइड किंवा गॅसगळती थांबवत नाही, आणि चूल पेटती ठेवून यंत्र चालवणे निरर्थक होय. दमेकरी रुग्णाच्या खोलीत त्याचा उपयोग होऊ शकतो. घरातील कुंड्या हवा शुद्ध करतात, हा समज १९८९ च्या नासाच्या प्रयोगानंतर पसरला. बंद पेटीतील तो निष्कर्ष घराला लागू पडत नाही, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत दिसून आले. उघडी खिडकी कुंड्यांपेक्षा कितीतरी अधिक काम करते. कुंड्या शोभेसाठी व डोळ्यांच्या गारव्यासाठी जरूर ठेवाव्यात.

ओल आणि दुरुस्ती

काळ्या मातीत बांधलेल्या घरांना ओलीचा वेगळा त्रास असतो. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे पाडते. त्या तड्यांतून पाणी शिरते, मग बुरशी येते. बुरशीचे बीजाणू दमा वाढवतात. जोत्याभोवती बाहेरच्या बाजूला उतार देऊन पाणी दूर काढणे, तडे पावसाळ्यापूर्वी बुजवणे आणि कपाटे भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ठेवणे हे उपाय उपयोगी पडतात. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गोव्यात ओल हाच हवेचा पहिला शत्रू असतो. तेथे कपडे घरात वाळवणे टाळणे, न्हाणीघराची हवा बाहेर फेकणे आणि बुरशीवर रंगाचा हात न देता आधी गळती शोधणे, यांना अग्रक्रम द्यावा.

जुने सिमेंटचे पत्रे काढताना विशेष दक्षता हवी. त्यांपैकी अनेकांत ॲस्बेस्टॉस असते. ते धड असताना फारसे तंतू सोडत नाहीत, पण कापले, फोडले किंवा कोरडे घासले की तंतू हवेत मिसळतात आणि फुप्फुसात कायमचे रुततात. असे पत्रे ओले करून अखंड उतरवावेत. जुना तैलरंग खरवडतानाही हीच काळजी घ्यावी; रंगातील शिशाची ९० पीपीएम ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासूनच लागू झाली आहे, त्याआधीच्या रंगात ते कितीतरी अधिक असू शकते.

कामांचा क्रम

मर्यादित पैशात घर सुधारायचे असेल, तर क्रम महत्त्वाचा ठरतो. खर्चाशिवाय होणारी कामे प्रथम येतात : पाण्याची चूल बाहेर नेणे, शेगडी व कॉइल बंद खोलीतून हटवणे, कीटकनाशके घराबाहेर काढणे, खिडक्या रात्री उघडून सकाळी लावणे, कूलरची टाकी दर आठवड्याला घासणे. त्यानंतर थोड्या खर्चाची कामे : छताला चुना, खिडक्यांना जाळी, छताजवळचे झरोके, एक्झॉस्ट पंखा. मग सावलीचा मांडव, गोबरगॅस, सौर बंब, कापसासाठी वेगळी खोली. एसी आणि हवाशोधक यांचा विचार सर्वांत शेवटी करावा. कारण धूर व ऊन घरात तसेच येत राहिले, तर ही यंत्रे केवळ विजेचे देयक वाढवतात.

पांढुर्णा-सौंसर भागात आजही जुन्या कवेलूच्या घराला लागूनच स्लॅबची नवी खोली बांधलेली दिसते. मे महिन्याच्या दुपारी घरातील वृद्ध माणसे जुन्या भागातच अंथरूण टाकतात. नव्या खोलीला पांढरे छत, समोरासमोर झरोके आणि धुराविना स्वयंपाकघर मिळाले, तर त्यांना तेथेही तशीच झोप लागू शकेल.